हवामानाचा भरवसा नसताना आराखडा कसा करायचा? पर्यावरण व्यवस्थापन गटांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जंगल, पाणथळ जागा, नदीकाठ, किनारा किंवा एखादं संरक्षित क्षेत्र सांभाळणाऱ्या गटांबरोबर नियोजनाच्या बैठका घेणं हे माझं काम. तिथे पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींना वेळ लागतो.

पुढे काय होणार हेच ठाऊक नाही, मग आराखडा करून काय उपयोग?

"ठाऊक नाही" हे एक मोठं गाठोडं आहे. ते आधी सोडून बघावं, कारण आत बऱ्याच ठाऊक असलेल्या गोष्टीही बांधलेल्या सापडतात. 2011 ते 2020 या दशकात पृथ्वीच्या पृष्ठभागाचं सरासरी तापमान 1850-1900 च्या तुलनेत सुमारे 1.1 अंश सेल्सिअसने जास्त होतं. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं. म्हणून मुसळधार पाऊस आणखी जोरात कोसळतो, आणि उघडीप पडली की तीच तापलेली हवा जमीन लवकर सुकवते. समुद्राची पातळी वाढते आहे. इथपर्यंत वाद नाही. खरी शंका आहे ती किती, केव्हा आणि नेमकं आपल्या हद्दीत कसं याची.

आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक समितीच्या 2021 च्या अहवालात 2100 पर्यंतची समुद्रपातळीतली वाढ दिली आहे. उत्सर्जन झपाट्याने कमी झालं तर 28 ते 55 सेंटिमीटर, अतिशय जास्त राहिलं तर 63 सेंटिमीटर ते 1.01 मीटर. शिवाय हिमस्तर अपेक्षेपेक्षा वेगाने ढासळले तर दोन मीटरच्या जवळ जाणंही नाकारता येत नाही, असंही त्यात म्हटलं आहे. एवढी मोठी तफावत बघून गट हात टेकतात. पण येत्या वीसेक वर्षांत या सगळ्या वाटा जवळजवळ एकमेकींना चिकटून चालतात, त्या फाकतात त्यानंतर. म्हणजे पाच-सात वर्षांचं काम "जग उत्सर्जन कमी करतं का ते कळू दे" म्हणून अडवून ठेवायला काही आधार नाही. साठ वर्षं टिकणारा बांध किंवा शंभर वर्षं जगणारं झाड यांची गोष्ट मात्र वेगळी. म्हणून मी गटांना सांगतो की कामांची यादी आधी विषयवार लावू नका, ती कामाच्या आयुष्यानुसार लावा. अर्धी भीती तिथेच उतरते.

आमच्याकडे 40 वर्षांच्या नोंदी आहेत. त्यावरून ठरवलं तर काय बिघडलं?

कोलोरॅडो नदीचं जे बिघडलं ते. 1922 मध्ये अमेरिकेतल्या सात राज्यांमध्ये या नदीच्या पाणीवाटपाचा करार झाला. वरच्या आणि खालच्या खोऱ्याला मिळून वर्षाला 1.5 कोटी एकर-फूट, म्हणजे सुमारे 18.5 अब्ज घनमीटर पाणी वाटलं गेलं. पुढे 1944 च्या करारात मेक्सिकोला आणखी 15 लाख एकर-फूट देऊ केलं. वाटप करणाऱ्यांनी नोंदी पाहिल्या नव्हत्या असं नाही. पण हाताशी होत्या त्या नोंदी नेमक्या ओल्या वर्षांच्या निघाल्या. झाडांच्या वाढवलयांवरून मागची काही शतकं तपासली तेव्हा कळलं की नदीचा नेहमीचा प्रवाह त्याहून बराच कमी असतो. 2000 नंतर तर तो 15 अब्ज घनमीटरच्या आसपास घुटमळतो आहे. कागदावरचं पाणी आणि नदीतलं पाणी यांचा मेळ शंभर वर्षांनंतरही बसलेला नाही.

नोंदी फेकून द्या असं यातून कुणी काढू नये. आपली जागा कशाने दुखावते हे त्या नोंदीच सांगतात: कोणत्या वर्षी तळं आटलं, किती दिवस उष्मा टिकला तेव्हा रोपं गेली, कोणत्या पुरानंतर काठ तुटला. "पुढे किती पाऊस पडेल" हे त्यांना विचारू नका. "किती पडला की आपण मोडतो" हे विचारा, त्याचं उत्तर त्या चोख देतात.

सर्वांत अचूक हवामान मॉडेल कोणतं? त्यावरच आराखडा बेतू.

असं एक मॉडेल नाही. जागतिक मॉडेलांची जाळी साधारण 100 किलोमीटरच्या चौकटींची असते, तुमचं अख्खं क्षेत्र तिच्या एका चौकटीत हरवून जातं. बारीक केलेले नकाशे मिळतात, पण नकाशा बारीक झाला म्हणून अंदाज पक्का झाला असं होत नाही.

आणखी एक खड्डा आहे, आणि त्यात शिकलेली माणसंही पडतात: सगळ्या मॉडेलांची सरासरी काढायची. समजा निम्मी मॉडेलं म्हणतात पाऊस वाढेल आणि निम्मी म्हणतात घटेल. सरासरी निघते "फारसा बदल नाही". हे तर त्यांतल्या एकाही मॉडेलने म्हटलेलं नसतं!

सिनॅरिओ म्हणजे शेवटी अंदाजच ना?

नाही. अंदाज म्हणतो "असं होईल". सिनॅरिओ विचारतो "असं झालं तर तुम्ही काय कराल?" ही पद्धत मूळची युद्धनीतीतली. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला शेल या तेलकंपनीने ती धंद्यात वापरली, आणि तिथून फिरत फिरत ती निसर्ग व्यवस्थापनात आली. (तेलकंपनीचं हत्यार हवामान बदलाशी झुंजायला वापरावं लागतं, यातला विनोद कुणाच्याही नजरेतून सुटत नाही.)

सुरुवातीला मी स्वतः यात सपशेल आपटलो होतो. एका गटासाठी तीन सिनॅरिओ करून नेले होते: चांगला, मध्यम, वाईट. दहा मिनिटांत सगळे मधल्यावर जाऊन बसले. चांगल्यावर कुणाचा विश्वास नव्हता, वाईटाकडे बघायची कुणाची तयारी नव्हती. दिवसभराची बैठक, आणि निघालं काय, तर पुन्हा एकच अंदाज.

आता मी भिंतीवर खाकी कागद लावतो आणि त्यावर दोन रेषा काटकोनात मारतो. गटाला विचारतो: तुमच्या जागेचं नशीब ज्यावर ठरेल आणि ज्याचा काहीच भरवसा नाही, अशा दोन गोष्टी कोणत्या? एका पाणथळीच्या गटाने एका रेषेला पावसाचं प्रमाण दिलं आणि दुसरीला "वरच्या अंगाचे लोक किती पाणी उपसतील" हे दिलं. दुसरी गोष्ट हवामानाची नव्हे, माणसांची होती. अनुभव असा की दोनपैकी एक रेषा बहुतेक वेळा माणसांचीच निघते. चार कोपऱ्यांत चार भविष्यं तयार होतात आणि त्यांत मधलं असं काही उरत नाही. मग प्रत्येकाला नाव द्यायचं. त्या गटाने कमी पाऊस आणि जास्त उपसा या कोपऱ्याचं नाव ठेवलं "भेगा". नंतरच्या सगळ्या चर्चेत "भेगा आली तर?" एवढं म्हटलं की पुरे व्हायचं. आकड्यांचा तक्ता कुणाच्या डोक्यात राहत नाही, नाव राहतं.

किती सिनॅरिओ असावेत?

चार. फार तर पाच. तीन केले की मधल्याचा मोह आलाच.

सिनॅरिओ भिंतीवर लागले. पुढे काय?

बहुतेक गट इथेच थांबतात. फोटो काढतात, अहवाल लिहितात, कागद गुंडाळून कपाटात जातो. खरं काम इथून पुढे सुरू होतं आणि ते कंटाळवाणं आहे. चालू आराखड्यातलं एकेक काम उचलायचं आणि चारही कोपऱ्यांतून फिरवून आणायचं. रोपवाटिका, गाळ काढणं, कुंपण, जाळरेषा, आक्रमक वनस्पती उपटणं. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न: इथे हे काम उपयोगी पडेल, वाया जाईल, की नडेल?

चारही ठिकाणी उपयोगी पडणारी कामं निघतातच: नदीकाठाची झाडी राखणं, प्रदूषण रोखणं, तुटलेले अधिवास जोडणं. ती उद्यापासून करा. एकाच कोपऱ्यात उपयोगी पडणारी कामं बाजूला ठेवा, त्यांचं काय करायचं ते पुढच्या उत्तरात. आणि एक सूचना: चारही ठिकाणी चालणाऱ्या कामांवरच समाधान मानू नका. ती सोयीची असतात, त्यावर भांडण होत नाही, म्हणून गट तिथेच रमतात आणि अवघड निर्णय तसाच पडून राहतो.

इशारा पातळी म्हणजे काय? ती कशी ठरवायची?

माझ्या मते साऱ्या प्रकरणाचा गाभा हाच आहे. पुराच्या दिवसांत नदीला इशारा पातळी आणि धोका पातळी असते, पाणी तिथे पोचलं की काय करायचं ते आधीच ठरलेलं असतं. आराखड्यातही तेच हवं. बाजूला ठेवलेली कामं अशाच पातळीला बांधून ठेवायची: पातळी आली की ती सुरू करायची. भविष्य आज ओळखता आलं नाही तरी चालेल, ते येऊ लागलं आहे हे वेळेत ओळखता आलं पाहिजे.

लंडनजवळच्या थेम्स खाडीच्या पूरसंरक्षणाचा आराखडा 2012 मध्ये आला, तो असाच बांधलेला आहे. शतकभरासाठी एकच भिंत ठरवून टाकण्याऐवजी त्यात पर्यायांच्या वाटा आखल्या. समुद्रपातळीसारखी दहा निर्देशकं नियमित मोजायची, आणि ती सरकली की कामाच्या तारखाही सरकवायच्या. हे नुसतं कागदावर राहिलं नाही. 2023 मध्ये आराखडा सुधारला तेव्हा थेम्स बॅरिअर या नदीवरच्या पूरदरवाज्याच्या वरच्या अंगाच्या पूरभिंती उंच करण्याची मुदत 2065 वरून 2050 वर आणली गेली. आराखडा फसला असं कुणी म्हटलं नाही, कारण तारीख सरकणं हा आराखड्याचाच भाग होता.

कोलोरॅडोकडेही अशी पातळी पुढे आली. त्या नदीवरच्या मीड जलाशयाची पातळी 1,075 फुटांवर किंवा त्याखाली जाईल असं दिसलं की खालच्या खोऱ्यात कुणाचं किती पाणी कापायचं, हे 2007 मध्येच लिहून ठेवलं होतं. ऑगस्ट 2021 मध्ये ती वेळ पहिल्यांदा आली आणि पुढच्या वर्षासाठी टंचाई जाहीर झाली. कापायचं की नाही यावर त्या क्षणी भांडत बसावं लागलं नाही. ठरलेली कपात मात्र पुरली नाही, पुढे ती वाटाघाटींनी वाढवावी लागली. इशारा पातळीने निर्णय वेळेवर होतो. तो पुरेसा होईलच याची हमी तिच्याकडे नसते.

लिहिताना काय लिहायचं? काय मोजायचं, कुठे, किती दिवसांनी, कोणता आकडा आला की हलायचं, हलायचं म्हणजे नेमकं काय करायचं आणि तो निर्णय कोण घेणार. शेवटचा मुद्दा गाळला जातो. "गट निर्णय घेईल" असं लिहिलेलं असतं, याचा अर्थ कुणीच घेणार नाही. पदाचं नाव लिहा.

आकडा ठरवताना उलटं मोजत या. नवी रोपं तयार व्हायला तीन वर्षं लागत असतील आणि परवानगीला एक, तर इशारा संकटाच्या चार वर्षं आधी मिळाला पाहिजे. संकटाच्या दाराशी वाजणारी घंटा म्हणजे वरातीमागून घोडं.

आणि मोजमाप झेपेल असं ठेवा. एका गटाच्या तळ्यात पाणी मोजायची रंगवलेली पट्टी होती आणि दर सोमवारी वहीत नोंद करायची असं ठरलं होतं. वही मागवली. पहिली दोन वर्षं निळ्या शाईत सलग नोंदी, नंतर पेन्सिलीत तुरळक, आणि ऐन उन्हाळ्यातली पानं कोरी. कारण विचारलं, तर पाणी पट्टीच्या खाली गेलं की वाचायला आकडाच नसे, म्हणून वही उघडलीच जात नव्हती. ज्या महिन्यांसाठी सारा खटाटोप होता, नेमके तेच महिने गायब! उपाय काय केला, तर पट्टी खोल भागात दीड हात खाली उतरवली. कुणाही सल्लागाराची गरज पडली नाही.

थोडं थांबून आणखी माहिती गोळा करणं शहाणपणाचं नाही का?

कधी कधी आहे. काम परतवता येण्यासारखं नसेल, खर्चिक असेल आणि दोन-तीन वर्षांत खरोखर नवी माहिती हाती येणार असेल, तर थांबा. पण थांबण्याचीही तारीख लिहा.

ब्रॅम्बल के हे ऑस्ट्रेलिया आणि पापुआ न्यू गिनी यांच्यामधलं इवलंसं वाळूचं बेट. तिथे एका जातीचा उंदीर राहायचा, मेलोमिस. त्याच्या रक्षणाचा आराखडा 2008 मध्ये झाला. हवामान बदलाचा आणि समुद्राच्या वाढीचा त्यात विचार होता, पण आराखड्याच्या मुदतीत त्याचा मोठा परिणाम होण्याची शक्यता नाही असा निष्कर्ष काढला होता. 2009 नंतर तो उंदीर कुणालाही दिसला नाही. 2014 मध्ये कसून शोध घेतला तेव्हा एकही सापडला नाही, आणि 2019 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सरकारने ती जात नामशेष झाल्याचं जाहीर केलं. समुद्राच्या पाण्याने बेट वारंवार धुऊन निघणं हे त्यामागचं मुख्य कारण मानलं जातं. एकाच बेटावर एकच कळप असताना "पाच वर्षांत काही व्हायचं नाही" यावर भिस्त ठेवायला नको होती. काही जोड्या आधीच दुसरीकडे पाळून ठेवणं फार महाग पडलं नसतं.

अनुकूली व्यवस्थापन म्हणजे करून बघायचं आणि चुकलं तर सुधारायचं, एवढंच का?

एवढं तर सगळेच करतात. 1970 च्या दशकात परिसंस्थाशास्त्रज्ञ सी. एस. हॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली कल्पना जरा कडक आहे: काम असं आखायचं की त्यातून काहीतरी शिकता येईल, आणि काय घडेल असं वाटतं ते आधीच लिहून ठेवायचं. नंतर "आम्हाला हेच वाटलं होतं" म्हणायला जागा उरत नाही.

कोलोरॅडो नदीवरच्याच ग्लेन कॅन्यन धरणाचं उदाहरण बघा. धरणामुळे वाळू वरच अडली आणि खाली ग्रँड कॅन्यनमधले वाळूचे काठ झिजू लागले. 1996 मध्ये धरणातून आठवडाभर सेकंदाला सुमारे 1,270 घनमीटर पाणी सोडून मुद्दाम पूर आणला. काठ भरले, पण थोड्याच काळात पुन्हा वाहून गेले. मोजमाप चालू होतं म्हणून कारण उमगलं: पात्रात पुरेशी ताजी वाळू नसताना पूर सोडून भागत नाही. मग खालच्या उपनद्यांनी वाळू आणून टाकली की त्यानंतर पूर सोडायचा अशी पद्धत बसत गेली, आणि 2012 मध्ये तिची नियमावली झाली. एक धडा गिरवायला सोळा वर्षं लागली. घाईच्या माणसांचं हे काम नव्हे.

आमचं उद्दिष्टच "पूर्वी होतं तसं राखणं" आहे. ते सोडून द्यायचं?

बैठकीत खोली शांत होते ती या प्रश्नाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने गेल्या काही वर्षांत तीन पर्यायांची एक साधी चौकट वापरायला सुरुवात केली आहे: बदल थोपवायचा, बदल स्वीकारायचा, किंवा बदलाला वळण द्यायचं. तिन्ही पर्याय सन्मानाचे आहेत. थोपवणं म्हणजे हट्ट नाही आणि स्वीकारणं म्हणजे हार नाही. एकाच क्षेत्रात वरच्या थंड झऱ्याशी थोपवायचं, मधल्या उतारावर स्वीकारायचं आणि खालच्या दलदलीला आत सरकायला वाट करून द्यायची, असंही चालतं. फक्त जे कराल ते ठरवून करा. न ठरवता होतं ते बहुतेक वेळा स्वीकारणंच असतं, आणि वर थोपवण्याचा खर्चही चालू राहतो.

ज्यांनी तीस वर्षं एखादं गवताळ रान जपलं, त्यांना "इथे पुढे झुडपं येतील" हे ऐकणं जड जातं. त्या दिवशी पुढचा मुद्दा घेऊ नका. बैठक लवकर संपवा.

रोपं स्थानिक बियाण्याचीच लावायची ना?

वर्षानुवर्षांचा नियम तोच होता आणि तो चांगल्या कारणाने होता. पण आज लावलेलं झाड 2080 च्या हवेत उभं असणार. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने 2018 पासून बियाणं निवडताना जागेच्या जवळिकीऐवजी हवामानाचं साम्य धरायला सुरुवात केली. लहान गटांसाठी मिश्रण बरं: जास्त बियाणं जवळचं, थोडं जरा उष्ण भागातून आणलेलं. कोणतं कुठून आलं याची खूण मात्र ठेवा, नाहीतर वीस वर्षांनी काय जगलं ते दिसेल, पण का ते कळणार नाही.

अनुकूलन, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेणं, करायला जाऊन उलट नुकसान होऊ शकतं का?

हो. आयपीसीसीच्या 2022 च्या अहवालात याचे दाखले आहेत. समुद्रभिंत घातली की मागच्या लोकांना हायसं वाटतं, वस्ती आणखी पुढे सरकते आणि समोरची पुळण झिजते. जिथे अधूनमधून आग लागणं हाच निसर्गक्रम आहे तिथे प्रत्येक आग विझवत गेलं की सरपण साठत जातं. प्रत्येक उपायाला विचारा: यामुळे धोका कमी होतो आहे, की शेजाऱ्याच्या अंगणात जातो आहे?

पैसे देणाऱ्यांना ठाम आकडा हवा असतो. त्यांना काय सांगायचं?

खोटा ठामपणा देऊ नका, तो दुसऱ्या वर्षी अंगावर येतो. कामं दोन भागांत लिहा: आत्ता करायची ठरलेली, आणि इशारा पातळी आली तर करायची. दुसऱ्या भागासाठी रक्कम राखून ठेवायची विनंती करा आणि ती कशावर खर्च होऊ शकेल हे आधीच लिहून द्या. "परिस्थितीनुसार ठरवू" याला कुणी पैसे देत नाही. "पाणी या खुणेखाली सलग दोन हंगाम राहिलं तर हे करू" याला देतात.

गटात हवामान बदलावरच एकमत नाही.

चालेल. भविष्यावर एकमत लागत नाही, कृतीवर लागतं. ओढ्याकाठी सावली हवी हे दोघांनाही पटतं, कारण वेगवेगळं असलं म्हणून काय झालं?

बैठकीला कोण असायला हवं?

तज्ज्ञ हवा, अधिकारी हवा, हे सगळ्यांना माहीत असतं. राहून जातो तो रोज तिथे पाय मळवणारा: पहारेकरी, गुराखी, मासेमार. त्यांना पहिल्या तासात बोलू द्या. तज्ज्ञ आधी बोलला की ते गप्प बसतात.

आराखडा किती वर्षांनी बदलायचा?

दरवर्षी एकदा फक्त इशारा पातळ्यांचा तक्ता बघा, त्याला अर्धा दिवस पुरतो. पाच वर्षांनी सिनॅरिओ नव्याने तपासा. मोठा पूर, वणवा किंवा दुष्काळ येऊन गेला तर वेळापत्रकाची वाट न पाहता महिनाभरात बसा, तेव्हा माणसांना सगळं स्पष्ट आठवत असतं.

आमचा गट लहान आहे, तज्ज्ञ नाही, पैसे नाहीत. सुरुवात कुठून करू?

एका दिवसापासून. सकाळी सगळ्यांनी मिळून क्षेत्र पायी फिरा आणि गेल्या दहा वर्षांत काय बदललं ते ज्याने त्याने जागेवर उभं राहून सांगा. दुपारी सध्या चालू असलेलं एकच काम निवडा. ते कोणत्या परिस्थितीत वाया जाईल हे शोधा, ती परिस्थिती येते आहे हे कशावरून कळेल ते ठरवा आणि ते कोण मोजणार याचं नाव वहीत लिहा. त्या दिवशी "सिनॅरिओ" हा शब्द काढला नाही तरी चालेल.